उघड्या घराची कडी

डोन्या देल्फिना, म्हणजे देल्फिनाबाई, दिवसभर दाराजवळच्या खुर्चीवर असायची, पण ती त्या खुर्चीत नीट बसलेली कुणी पाहिली नव्हती. टेकायची, उठायची. उठून काचेच्या दारापाशी जायची, वरची कडी नीट सरकते की नाही ते बोटानं चाचपायची, रस्त्यावर दोन्ही बाजूंना नजर टाकायची आणि परत येऊन टेकायची. तोवर कॉफी गार झालेली असायची. ती गार कॉफी औषधासारखी एका घोटात संपवायची, दुसरी ओतून घ्यायची आणि तीही गार करायची.

"कोमाद्रे, त्या खुर्चीत खिळा वर आलाय का?" चोना विचारायची. "सांग बाई, मी ठोकून देते."

चोना तिची कोमाद्रे. देल्फिनाच्या मुलीला, यारेत्सीला, बाप्तिस्म्याच्या वेळी चोनानं हातांवर धरलं होतं, तेव्हापासूनचं हे नातं. सख्ख्या बहिणीपेक्षा जवळचं आणि सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त टोचणारं. चोनाची स्वतःची मुलं मोठी होऊन टेक्सासला पांगली होती. ती रोज केंद्रात यायची ती शिवणवर्गाच्या नावाखाली, पण तिच्या हातातला परकर गेल्या हिवाळ्यापासून तेवढाच होता.

वस्तीतल्या लोकांच्या मदतीसाठी चालणाऱ्या त्या केंद्राचं नाव कासा आबिएर्ता. उघडं घर. शिकागोच्या सव्विसाव्या रस्त्यावर, पावाची भट्टी आणि मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचे घेरदार झगे विकणारं दुकान यांच्यामध्ये ते दाटीवाटीनं उभं होतं. पूर्वी तिथं चपलांचं दुकान होतं, म्हणून दार सगळं काचेचं. काचेच्या खालच्या अर्ध्या भागावर इंग्रजीचे वर्ग, लसीचा दिवस, हरवलेलं मांजर असे कागद चिकटवून चिकटवून ती पार झाकून गेली होती. वरच्या अर्ध्यात फक्त माणसांची डोकी दिसायची. देल्फिनाला तेवढं पुरे व्हायचं. मान कशी धरली आहे त्यावरून ती ओळखायची, हा कामाच्या शोधात आलाय, हिच्या नवऱ्यानं हात उगारलाय, हा नुसता थंडीनं गारठून आत येऊ बघतोय. दार उघडून ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची, "जेवलात का?" मग बाकीचं.

ती स्वतः त्या दारातून पहिल्यांदा आली तेव्हा तिलाही कुणीतरी हेच विचारलं होतं. तिचा नवरा आन्सेल्मो पहाटे कामाला जायला म्हणून बसच्या थांब्यावर उभा राहिला होता, तो तिथूनच गेला. पोलिसात चौकशी करायची सोय नव्हती, कारण या देशात राहायचे कागद दोघांचेही नव्हते. पुढे फोन आला तो थेट मेक्सिकोतून, त्यांच्या गावाहून, प्युएब्लाहून. धरून परत पाठवलं मला, मी इकडे आहे, रडू नकोस, म्हणाला. यारेत्सी तेव्हा ढकलगाडीत बसून बुटाची नाडी चोखत होती. देल्फिना ती गाडी ढकलत केंद्रात आली आणि दाराजवळच्या खुर्चीत बसली. दुसऱ्या दिवशी परत आली, तिसऱ्या दिवशी परत. कुणीतरी सहज म्हणालं, बसलीच आहेस तर येणाऱ्या-जाणाऱ्याकडे लक्ष ठेव. तेव्हापासून ती खुर्ची तिची झाली. आन्सेल्मो फोनमधला माणूस होऊन गेला. मुलीनं बाप पाहिला तो हाताच्या पंज्याएवढ्या काचेत, तोही अधूनमधून गोठणारा.

त्या काळी दाराला कडी नव्हती. कडी बसली ती यंदाच्या शरदात, वस्तीत काळ्या काचांच्या गाड्या फिरायला लागल्यावर. मिग्रा म्हणतात त्यांना, कागद नसलेली माणसं उचलून नेणारे सरकारी लोक. पहिले काही दिवस लोक नुसते घाबरून घरात बसले. मग शिट्ट्या आल्या. केंद्रानं नारिंगी शिट्ट्यांची खोकी मागवली आणि देल्फिनानं एकेका शिट्टीत बुटाची नाडी ओवून गाठ मारली. जो येईल त्याच्या गळ्यात ती स्वतः घालायची आणि शिकवायची. गाडी दिसली तर तुटक वाजवायचं, टुर्र, टुर्र, टुर्र. आणि कुणाला धरताना दिसलं तर एक लांब, दम असेल तोवर. लांब ऐकू आली की समजायचं, गेलं कुणीतरी.

शिट्टी झाली की केंद्रानं काय करायचं, यावर एक बैठक झाली होती. केंद्र चालवणारी मारिसेला याच वस्तीत जन्मलेली, कॉलेज शिकलेली, मऊ बोलणारी मुलगी. ती म्हणाली, कडी लावायची, पुढचे दिवे घालवायचे, सगळ्यांनी मागच्या खोलीत जायचं, आणि सगळं ठीक आहे असा निरोप माझ्या फोनवर आल्याशिवाय दार उघडायचं नाही.

"आणि आपलं कुणी बाहेर राहिलं तर?" नोएमीनं विचारलं होतं. नोएमीच्या नवऱ्याला उन्हाळ्यात नेलं होतं. तिच्या मांडीवर तान्हं होतं आणि एक मुलगा आतल्या खोलीत अभ्यासाला बसायचा.

"बाहेर राहिला तो राहिला," देल्फिना म्हणाली होती. "एकासाठी दार उघडायचं आणि आतल्या सगळ्यांना त्यांच्या हातात द्यायचं, हे चालायचं नाही. मी दारावर असेन तोवर उघडणार नाही."

"तुझी यारे बाहेर असली तरी?" चोनानं सुईत दोरा ओवता ओवता विचारलं.

"तरी."

नोएमीनं फक्त तिच्याकडे पाहिलं आणि तान्ह्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

यारेत्सी आता शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. उंच, दोन वेण्या, तोंडाळ. तिचा जन्म इथला, त्यामुळे तिला कुणी नेणार नव्हतं, निदान कायद्यानं तरी. हे देल्फिनाला मारिसेलानं कितीदा समजावून सांगितलं होतं. ती मान डोलवायची आणि पुन्हा कडी चाचपायला उठायची. कायदा कागदावर असतो आणि मुलगी रस्त्यावर असते, त्याला ती काय करणार. त्यात पोरीच्या डोक्यात आता नवंच खूळ भरलं होतं. वर्गातल्या मैत्रिणी शाळा सुटल्यावर कोपऱ्या-कोपऱ्यावर शिट्टी घेऊन उभ्या राहायच्या, तिलाही उभं राहायचं होतं.

त्या गुरुवारी सकाळी त्यावरूनच जुंपली.

"अख्ख्या वस्तीला शिट्ट्या वाटतेस तू," यारे टाचा आपटत म्हणाली, "आणि मलाच नाही?"

"वाटणं वेगळं, वाजवणं वेगळं."

"मग वाजवायचं कुणी? दुसऱ्याच्या मुलींनी?"

देल्फिनानं अंड्यात मीठ जास्त टाकलं. "शाळा सुटली की मागच्या गल्लीनं सरळ केंद्रात यायचं. कुठं थांबायचं नाही. टोपी घाल."

"तू माझी आई आहेस की फाटक?"

"दोन्ही. टोपी घाल."

टोपी देल्फिनानंच विणलेली, जांभळी, वर गोंडा. यारेनं ती डोक्यावर ओढली ती शिव्या दिल्यासारखी. ती दात घासत होती तेवढ्यात देल्फिनानं तिच्या दप्तरात हात घातला. शिट्टी होतीच, रुमालात गुंडाळलेली. कुणाकडून मिळवली देवास ठाऊक. देल्फिनानं ती काढून एप्रनच्या खिशात टाकली आणि दिवसभर तिथंच हात ठेवून फिरली, जणू मुलगीच खिशात आहे.

गुरुवार म्हणजे केंद्रात गर्दीचा दिवस. मागच्या खोलीत मुलांचा अभ्यास, मधल्या दालनात शिवणवर्ग, स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात मक्याची गरम पेज. शाळा सुटायची वेळ झाली आणि देल्फिनाचं उठणं-बसणं वाढलं. बाकीची मुलं आली. यारे आली नाही. देल्फिनानं फोन लावला, वाजत राहिला. परत लावला.

"येईल," चोना म्हणाली. "त्या वयात तू काय सरळ घरी यायचीस? तुझा आन्सेल्मो काय तुला देवळात भेटला?"

"चोना, आज नको."

"बरं बाई, नको. बस मात्र. तुझ्या येरझाऱ्यांनी माझी टीप वाकडी जातेय."

"तुझी टीप जन्मापासून वाकडी आहे."

"हे बरं बोललीस. म्हणजे जीव अजून आहे तुझ्यात."

देल्फिना टेकली, आणि तेवढ्यात ती शिट्टी आली.

लांब. वर चढली, तिथं थरथरत राहिली आणि मग हळूहळू खाली उतरत गेली, कुणाचा तरी श्वास संपत जावा तशी. देल्फिनाच्या हातातला पेला कधी खाली ठेवला गेला ते तिला कळलं नाही. कडी बसली. पुढचे दिवे गेले. "आत," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, तरी सगळ्यांनी ऐकलं. शिवणयंत्रं एकेक करून गप्प झाली. बायका उठल्या, खुर्च्या सरकल्या, कुणाची तरी कात्री खाली पडली आणि ती उचलायला कुणी थांबलं नाही. मागच्या खोलीत मुलं सवयीनं टेबलाखाली शिरली होती.

"आज खेळ आहे की खरं?" एका मुलानं विचारलं.

"गप," दुसरा म्हणाला. "खरं."

बाहेर कोपऱ्या-कोपऱ्यावरून तुटक शिट्ट्या उत्तर द्यायला लागल्या. टुर्र, टुर्र, टुर्र. झग्यांच्या दुकानाचं शटर धाडकन खाली आलं. मारिसेलाचा फोन पेटत होता, विझत होता. ती मधल्या दारात उभी राहून कुजबुजत वाचत होती. "कुठे झालं? भट्टीच्या पुढे? गाडी कुणी पाहिली? कुणी काही पाहिलेलं नाही, सगळे एकमेकांनाच विचारतायत."

देल्फिना दाराजवळ कोट टांगायच्या खुंट्यांआड उभी होती. तिथून काचेचा वरचा भाग दिसायचा. डोकी पळत गेली, एक, मग तीन-चार एकदम. एका बाईचा स्कार्फ सुटून मागे उडत होता. मग कुणीच नाही. देल्फिनाच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. लांब शिट्टी म्हणजे धरलं. कुणाला? यारे फोन उचलत नाही. कुणाला? शिट्टी तर माझ्या खिशात आहे, म्हणजे वाजवणारी ती नाही. म्हणजे जिला धरताना वाजली, ती यारेच? तिनं खिशातली शिट्टी इतकी घट्ट धरली की कडा तळहातात रुतली.

आणि पुन्हा लांब शिट्टी. आता अगदी जवळून.

मागच्या खोलीत तान्हं रडायला लागलं, आणि लगेच त्याचा आवाज दबला. नोएमीनं त्याला छातीशी लावलं असणार.

मग काचेत दोन डोकी आली. एक जांभळी टोपी, वर गोंडा. तिच्या शेजारी काळी टोपी, खाली उभ्या कॉलरचं काळं जाड जाकीट. आणि त्या जाकिटाचा हात जांभळ्या टोपीखालच्या खांद्यावर. पंजा रोवून धरलेला.

बैठकीत काय ठरलं होतं, कुणी ठरवलं होतं, आत किती जीव आहेत, यातलं काही देल्फिनाच्या डोक्यात आलं नाही. खरं म्हणजे डोक्यात काहीच आलं नाही. हात वर गेला आणि कडी निघाली. खट्. तो आवाज मागच्या खोलीपर्यंत गेला.

"डोन्या, नको," मारिसेला म्हणाली.

दार उघडलं होतं. वारा आत घुसला, भिंतीवरचे कागद फडफडले. देल्फिनानं एका हातानं यारेची बाही धरून तिला आत खेचलं आणि दुसऱ्या हातानं त्या काळ्या जाकिटाच्या छातीवर जीव खाऊन धक्का मारला. जाकीट मागे गेलं, पायरीला अडखळलं आणि फुटपाथवर मटकन खाली बसलं. टोपी पडली. टोपीखाली पांढरे केस होते. तिच्या बापाच्या वयाचा माणूस, मिशीत राख, दोन्ही तळहात काजळीनं काळे.

"माफ करा बाई," म्हातारा खालूनच म्हणाला. "माझं काही चुकलं का?"

बोलणं थेट प्युएब्लाचं. देल्फिना बघत राहिली.

"आई," यारे म्हणाली. तिला धाप लागली होती, आणि हसू आवरत नव्हतं, आणि आईचं तोंड बघून ते हसू जागच्या जागी थिजत होतं. "अगं आई, रताळी आहेत."

मागे कोपऱ्यावर, रिकाम्या रस्त्याच्या मधोमध, हातगाडीवर आडवं टाकलेलं एक तेलाचं पिंप उभं होतं. पिंपाखाली लाकडं धुमसत होती आणि वरच्या नळकांड्यातून वाफ निघत होती.

म्हाताऱ्याचं नाव डॉन क्रिस्पीन. गेल्याच आठवड्यात तो भाचीकडे राहायला आला होता. आयुष्यभर त्यानं प्युएब्लात रताळी आणि केळी भाजून विकली होती, वाफेची शिट्टी कानाशी वाजवून वाजवून उजवा कान कामातून गेला होता आणि डाव्यानंही अर्धी नोकरी सोडली होती. भाचीच्या अंगणात बसून त्यानं पिंप कापलं, चूल बसवली, शिट्टीची नळी जोडली आणि आज गाडी पहिल्यांदा बाहेर काढली. नारिंगी शिट्ट्यांचं त्याला कुणी सांगितलं असेलही, पण ते बहुधा उजव्या कानाच्या बाजूनं सांगितलं होतं.

"मी शिट्टी ओढली," तो आत खुर्चीत बसल्यावर सांगत होता. चोनानं त्याच्या हातात पेज दिली होती. "लोक येतील म्हणून वाट बघतोय, तर सगळे पळायला लागले. दुकानं बंद. मी म्हटलं, क्रिस्पीन, वास तर बरा येतोय, मग झालं काय? तेवढ्यात ही मुलगी आली."

"मी मागच्या गल्लीतून येत होते," यारे म्हणाली. "सगळे माझ्याकडे पळत येतायत आणि हे एकटेच तिथं उभे. मी विचारलं, आजोबा, हा आवाज कसला होता? तर यांनी मला दाखवायला परत वाजवली. यांना भरभर चालवत नव्हतं, म्हणून खांदा धरायला दिला आणि इकडे घेऊन आले."

आधी चोना फुटली. ती हसता हसता खाली वाकली आणि डोळे पुसायला तिनं तो जुनाच परकर घेतला. "अरे देवा," ती म्हणाली, "या शिट्टीसाठी मी जेवणावरून उठून पळायचे. बाप मारायचा, तरी पळायचे. आणि आज त्याच शिट्टीला मी टेबलाखाली शिरायला निघाले होते. गुडघे शिरेनात म्हणून राहिले."

मग सगळेच हसले. भीती उतरली की माणसं हसतात तसं, थोडं जास्तच. मारिसेलानं सगळ्यांना निरोप धाडले. शटरं वर गेली. यारे आणि दोघी-तिघी बायका गाडी ढकलत केंद्राच्या दारात घेऊन आल्या. कागदात गरम रताळं, मधोमध फोडलेलं, वर डब्यातलं घट्ट गोड दूध. मुलांनी बोटं चाटली. टेबलाखाली शिरलेला मघाचा मुलगा म्हणाला, हे खरं रोज झालं तरी चालेल.

देल्फिनाच्या हातातही कुणीतरी कागद दिला होता. ती तो धरून उभी होती. रताळ्याची वाफ तोंडावर येत होती, आणि तो वास तिला थेट आईच्या दारात घेऊन गेला. प्युएब्लात तिन्हीसांजेला ही शिट्टी यायची आणि आई आतून हाक मारायची, रताळेवाला आला, पोरींनो घरात या. घड्याळ नव्हतं घरात. ती शिट्टी म्हणजे दिवस संपला, सगळ्यांनी उंबऱ्याच्या आत. चालायला लागल्यापासून रोज ऐकलेला आवाज, आणि आज तो कानावर पडला तेव्हा तिला एका क्षणालाही ओळखू आला नाही. पण खरी सल ती नव्हती.

ती मागच्या खोलीच्या दाराशी गेली. नोएमी अजून तिथंच भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. तान्हं तिच्या अंगावर झोपलं होतं. मुलगा बाहेर रताळं खायला गेला होता.

"खा," देल्फिना म्हणाली आणि कागद पुढे केला.

नोएमीनं तो घेतला, बाजूला ठेवला. "खट् झालेलं मी ऐकलं," ती म्हणाली.

देल्फिनानं तान्ह्याच्या अंगावरचं फडकं सारखं केलं.

"मला वाटलं, झालं. मी मुलाला सांगितलं, काही विचारलं तरी नाव सांगायचं नाही." ती शांतपणे बोलत होती, भांडत नव्हती. भांडली असती तर देल्फिनाला सोसलं असतं. "मला राग नाही आला, डोन्या. मीही उघडलं असतं. म्हणून तर मी तुमच्या खुर्चीत बसत नाही."

देल्फिना तिथून निघाली ती सरळ मारिसेलापाशी. मारिसेला हातातलं रताळं खाऊन बोटं पुसत होती.

"उद्यापासून दारावर दुसरं कुणी बसव."

"डोन्या, काय हे. रताळी होती."

"आज रताळी होती."

"कुणालाही वाटलं असतं..."

"कुणाला काय वाटलं असतं ते सोड. मी उघडलं तेव्हा मला रताळी दिसत नव्हती. मला तेच दिसत होते. ते दारात उभे आहेत असं समजून मी दार उघडलं, मुलं आत असताना. तू मला नको म्हणालीस, तेही मी ऐकलं होतं." तिनं एप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले. "यारे बाहेर असेपर्यंत मला ते दार देऊ नकोस. आणि यारे कायम बाहेरच असणार आहे."

मारिसेलानं हातातला रताळ्याचा कागद चुरगळून खिशात टाकला.

"मी बसते," चोना म्हणाली. ती कधी मागे येऊन उभी राहिली ते दोघींना कळलं नव्हतं. "माझी टेक्सासला आहेत. इथं बाहेर माझं कुणी नाही, ही एक कोमाद्रे सोडली तर. आणि ही बाहेर राहिली तर मी मुळीच उघडणार नाही, आत शांतता तरी राहील."

"तुला दिसतं का लांबचं?" देल्फिना म्हणाली.

"जवळचं दिसत नाही. लांबचं दिसतं. म्हणून तर टीप वाकडी जाते."

दुसऱ्या दिवसापासून चोना दारावर बसली. बसली म्हणजे खरोखर बसली, पाय पसरून, परकर मांडीवर. येणाऱ्याला ती जेवलात का विचारायची नाही. काल कुठं होतात, तुमच्या जावयाचं काय झालं, असं विचारायची, आणि दारात रांग लागायची. देल्फिनाला मागे स्वयंपाकघरात काम मिळालं. तिथून रस्ता दिसत नाही. ती पेज ढवळते, गॅस बारीक करते, मधल्या दारापर्यंत जाते, चोनाच्या पाठीकडे बघते, कडीकडे बघते, परत येते. खुर्ची सुटली, उठणं-बसणं काही सुटलं नाही.

डॉन क्रिस्पीनसाठीही बैठक झाली. शिट्टी बंद करायला सांगणं सगळ्यांच्या जिवावर आलं होतं. घंटी लाव, कुणी म्हणालं, पण घंटी आइसक्रीमवाल्याची. हाक मार, दुसरं कुणी म्हणालं, पण त्याला स्वतःचाच आवाज धड ऐकू येत नव्हता, कुठं हळू बोलायचं, कुठं ओरडायचं कळायचं नाही. शेवटी त्यानंच नळीच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबला. "थोडे दिवस," तो म्हणाला. आता गाडी येते ती नुसत्या चाकांच्या करकरीवर आणि धुरावर. ज्यांना वास येतो ते बाहेर येतात.

आणि यारे. तिनं ती गोष्ट वस्तीभर केली. भट्टीत सांगितली, शाळेत सांगितली, रविवारी प्युएब्लाला फोनवर बापाला सांगितली. "बाबा, आईनं काय केलं माहितेय? सगळ्यांना वाटतंय मिग्रा आली, आत अंधार, आणि आईनं दार उघडलं. माझ्यासाठी. आणि त्या बिचाऱ्या आजोबांना हा असा धक्का." पलीकडे आन्सेल्मो हसत होता, मग एकदम गप्प झाला, की फोन गोठला होता ते कळलं नाही. देल्फिना भांडी घासत होती. तिनं नळ मोठा केला.

सोमवारी सकाळी यारे दप्तर भरत होती. देल्फिनानं एप्रनच्या खिशातून शिट्टी काढून टेबलावर ठेवली.

यारे त्या शिट्टीकडे बघत राहिली. "तू घेतली होतीस? गुरुवारी शाळा सुटल्यावर मी वर्गात शोध शोध शोधली."

"मान इकडे कर."

तिनं नाडी मुलीच्या गळ्यात घातली, मागची गाठ तपासली, सोडली, पुन्हा बांधली. "केंद्राच्या दारापासून भट्टीच्या कोपऱ्यापर्यंत. त्याच्यापुढे नाही. एकटीनं नाही. आणि शिट्टी झाली की माझ्याकडे पळत यायचं नाही, कळलं? केंद्राच्या दाराशी यायचंच नाही. भट्टीत शिरायचं. भट्टीवाल्याशी मी बोलले आहे."

"का? तू आहेस ना आत."

"आता दारावर चोना आहे."

"चोनामावशी उघडेल मला."

"नाही उघडणार."

यारेला ते पटलं नाही. तिनं वेण्या शिट्टीच्या नाडीतून बाहेर काढल्या आणि लहान असताना करायची तसं आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. शिट्टी दोघींच्या मध्ये टोचत होती.

"पण तू उघडलंस ना," ती म्हणाली.

"हो," देल्फिना म्हणाली. "टोपी घाल."